मैदानाकडे तोंड करून बसलेली पंगत

तुरीच्या शेंगा भरू लागल्या आणि सकाळी हरभऱ्याचे शेंडे खुडताना बोटं आंबट आणि गार पडू लागली, की कुठूनतरी भोंगा तपासल्याचा आवाज येतो. हॅलो, हॅलो, एक, दोन. वारा भातकुलीकडून असला तर आवाज जवळ वाटतो, उलटा असला तर लांब. मी हातातलं काम थांबवत नाही, पण कान तिकडेच जातो. कबड्डीचे दिवस आले.

यंदा माझी भाची पल्लवी मला सामने पाहायला अकोल्याला घेऊन गेली. ती तिथे नोकरी करते. नवं क्रीडा संकुल आहे, सिमेंटच्या पायऱ्या आहेत, वर पत्र्याचं छत आहे, आणि खाली जिन्याजवळ खाण्याची एक खिडकी आहे. तिच्यासमोर रांग होती. आम्ही रांगेत लागलो तेव्हा आमच्या पुढे चाळीसएक माणसं असतील. बराच वेळ झाला, आम्ही खांबापासून पाण्याच्या नळापर्यंत आलो. वर गर्दी ओरडली की रांगेतली सारी डोकी एकदम वर वळायची, जसं काही भिंतीतून दिसणार आहे.

"आत्या, चाल बरं, नको ते समोसे. सामना अर्धा होऊन गेला," पल्लवी म्हणाली.

"थांब वं, येईन नंबर."

"तुले राग कसा नाही येत?"

 बोलून सांगण्यासारखं ते नव्हतं. मी खिडकीतले हात पाहत होते. एक हात समोसे कागदावर ठेवी, दुसरा चटणी ओती, तिसरा सुट्टे शोधी. त्या हातांची घाई मला ओळखीची होती. रागावणं मला जमलंच नसतं.

नऊ वर्षं झाली असतील. आमच्या बचत गटाला अमरावतीजवळच्या एका मैदानावर वडे-कढीचं दुकान मिळालं. दहा दिवसांची स्पर्धा, मुलांची आणि मुलींचीही. दुकान मिळवलं शांताबाईने. ती गटाची अध्यक्ष. मोठा आवाज, कपाळावर मोठं कुंकू, कोणाच्याही ओसरीवर न विचारता बसणारी. स्पर्धेच्या समितीच्या लोकांकडे ती तीन महिने चकरा मारत होती. तिच्यासोबत आम्ही तिघी. हमीदाआपा कढईजवळ, कारण तिच्यासारखा वडा कोणाला तळता येत नाही. पुष्पा, गावातली नवी सून, पाणी आणि द्रोण सांभाळायला. आणि मी मागे पडद्याआड, डाळ वाटायला. मुगाची आणि बरबटीची, म्हणजे चवळीची डाळ, जाडसर, त्यात आलं, मिरची, धने. पडद्यामागची ती जागा मला फार आवडली होती. तिथून कोणी दिसत नव्हतं आणि मी कोणाला दिसत नव्हते. आयुष्यात मला एवढीच जागा हवी असायची.

स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शांताबाईच्या लेकीचा अकोल्याहून फोन आला. जुन्या शहरात दिलेली लेक, नवव्या महिन्यात होती, दिवस अजून बाकी होते, पण पोटात दुखू लागलं. शांताबाईने पिशवी भरली, एसटीत बसली आणि खिडकीतून मला म्हणाली, "बेबी, समोर तूच उभी राय. पुष्पी लहान आहे, हमीदा कढई सोडू शकत नाही. काही नाही वं, कूपन घ्यायचं, वडे द्यायचे. जनावरं थोडीच आहेत, मानसंच आहेत."

माणसंच आहेत हीच तर माझी अडचण होती.

दुपारी सामने सुरू झाले आणि मी पडद्याच्या पुढे आले. एवढे चेहरे मी एकदम कधी पाहिले नव्हते, म्हणून मी ते पाहिलेच नाहीत. मी फक्त हात पाहिले. टेबलाच्या कडेपाशी येणारे, कूपन पुढे करणारे हात. बिड्या वळून पिवळी पडलेली बोटं. कापसाच्या बोंडांनी ओरखडलेले हात, ते मला घरचे वाटत. मेंदी लावलेले, अंगठ्या घातलेले, खडूने पांढरे झालेले मास्तरांचे. एका बाईचा हात सारखा मागे जाई, कारण मागे तिचं लेकरू पदर धरून उभं होतं. आजही त्या दिवसांतला एकही चेहरा मला नीट आठवत नाही, पण हात कितीतरी आठवतात.

रांग हलेना.

त्याचं कारण मीच होते, पण ते मला उशिरा कळलं. समितीने कूपनावर लिहिलं होतं, एका द्रोणात तीन वडे. आता आमच्याकडे ताटात तीन कोणी वाढत नाही. पोळ्या असोत, भाकरी असोत, वडे असोत. दोन वाढतील, चार वाढतील. तीन वाढले तर जेवणाऱ्याचं वाईट चिंतल्यासारखं होतं. मी पहिल्याच माणसाला तीन वडे दिले आणि माझा हात अडला. मग मी एक वडा मोडला आणि त्याचे दोन तुकडे केले. झाले चार. गरम वडा, बोटं भाजायची, फुंकर घालायची, मोडायचा, दोन तुकडे नीट बाजूबाजूला ठेवायचे. मग कढी. कढी ओतल्यावर मी हात लगेच मागे घेत नसे. घरी आपण पहिला घास जाईपर्यंत थांबतो, मीठ पाहिजे का विचारतो. तसंच मी थांबत होते. माणूस पुढे सरकत नसे, कारण त्याला वाटे बाईला काही सांगायचं आहे. आणि मला काही सांगता येत नसे.

अशी रांग पाण्याच्या टँकरपर्यंत गेली आणि तिथून वळली.

"काकू, वडे तळून राहिल्या का डाळ पेराले गेल्या?" मागून कोणी म्हणालं. लोक हसले.

"बरबटी आहे भाऊ, उगवाले टाइम लागते," दुसरा म्हणाला.

हमीदाआपा कढईवरून ओरडली, "बेबीताई, ये क्या मंगनी का कार्यक्रम है? चाय-पोहे पूछोगी क्या अब सबको? दो ना जल्दी."

मी मान खाली घालून आणखी घाई केली आणि कढी सांडली.

टोमण्यांचं मला फार वाटलं नाही. टोमणे मी लग्न झाल्यापासून ऐकत आले होते, ते अंगावरून जातात. दुसरंच एक लागलं. तिसऱ्या दिवशी रांगेत एक माणूस होता, पायजम्यावर स्वेटर, गळ्यात मफलर. तो जवळजवळ पोचला होता. तेवढ्यात मैदानात मोठा गलका झाला, टाळ्या, शिट्ट्या, भोंग्यावर कोण्या मुलीचं नाव तीन वेळा घेतलं गेलं. तो माणूस टाचा उंच करून पाहू लागला. पुढे माणसं, मागे माणसं, काही दिसत नव्हतं. गलका संपला. त्याचा नंबर आला. मी वडा मोडला, कढी ओतली, थांबले.

तो म्हणाला, "माही पोरगी होती ते."

एवढंच. रागाने नाही. जसं कोणी सांगतं की एसटी निघून गेली. द्रोण घेऊन तो हळूहळू गेला, कढी सांडू नये म्हणून खाली पाहत. मी पहिल्यांदा मान वर करून कोणाच्या तरी पाठीकडे बघितलं. त्याने मुलीसाठी किती दुरून तिकीट काढलं असेल, कामाचा दिवस मोडला असेल, आणि ज्या क्षणासाठी आला तो क्षण त्याने माझ्या टेबलासमोर उभं राहून घालवला. भुकेने नव्हे, माझ्या हळूपणाने. तो माणूस मला पुन्हा दिसला नाही. त्याच्या मुलीचा संघ त्या दिवशी हरून गेला होता, असं नंतर कळलं.

त्याच संध्याकाळी समितीचे राऊत सर आले. खेळाचे निवृत्त मास्तर, गळ्यात शिट्टी, बोलणं थोडं पण चोख. त्यांनी टँकरपर्यंतची जागा पाहिली, जिथे लोकांच्या पायांनी माती गुळगुळीत झाली होती.

"बाई, लोकं तक्रार करून राहिले. तिकीट काढून येतात आणि लाइनीत उभे राहतात. उद्या संध्याकाळपर्यंत हे सुधरलं नाही तर परवापासून जागा दुसऱ्याले द्यावी लागीन. पाकिटातलं खानं देनारे तयारच आहेत. मले बी वाईट वाटते."

ते हे हमीदाआपाला म्हणाले. माझ्याकडे पाहून म्हणण्याचा उपयोग नाही हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं.

जागा गेली असती तर काय गेलं असतं, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. आम्ही चौघींनी त्या दहा दिवसांसाठी कापसाची वेचणी सोडली होती. घरच्यांची तोंडं वाकडी झाली होती. गावात बायका पारावरून जाताना विचारत, "कुठं, दुकानाले?" आणि त्या 'दुकानाले'मध्ये किती काही असे. चौथ्या दिवशी कढई घेऊन परत आलो असतो तर पुन्हा कोणी बाई कशाला घराबाहेर पडायचं नाव घेती. शांताबाईच्या तीन महिन्यांच्या चकरा, आणि त्या बुडवल्या मी, वडे मोडून मोडून. वर आणखी एक गोष्ट. दुसऱ्या दिवसाची डाळ भिजत घातलेली होती. पाच पायल्या डाळ. भिजलेली डाळ परत कोरडी करता येत नाही.

ऑटोत आम्ही तिघी दाटीने बसलो होतो. मांडीवर कढीचं रिकामं पातेलं, आमचा गंज होता, त्याला कढीचा वास येत होता. दोन्ही बाजूला तूर. मी त्या माणसाचा विचार करत होते. मग मला माझ्या नणंदेचं लग्न आठवलं. चारशे माणूस जेवलं होतं, ऊन मांडवाच्या एका खांबावरून दुसऱ्यावर जायच्या आत. रांग कुठे होती तेव्हा? कोणी उभं नव्हतं. सारे बसले होते आणि आम्ही चालत होतो. म्हणजे मला काम येत नव्हतं असं नव्हतं. मला टेबलामागे उभं राहून काम येत नव्हतं.

"पंगत बसवू," मी म्हणाले.

"क्या?" हमीदाआपाने विचारलं. ऑटोच्या आवाजात तिला ऐकू गेलं नव्हतं. मी तेच पुन्हा म्हणाले. हेच माझं त्या दिवसातलं सगळ्यात मोठं बोलणं.

ती हसली. मग हसायची थांबली. "हमारे यहाँ तो दस्तरखान पे ही बिठाते. खड़े-खड़े कौन खाता है, बकरी?" पुष्पा म्हणाली, "पन काकू, ते सरांले कोन सांगीन?" दोघी माझ्याकडे पाहू लागल्या.

सकाळी मी राऊत सरांसमोर उभी राहिले. त्यांचा हात पाहिला, शिट्टीच्या दोरीशी चाळा करणारा. मी म्हणाले, आम्हाला जेवण वाढता येतं, विकता येत नाही. माणसं बसली तर आम्ही लवकर करू. ते म्हणाले, "बाई, लोकं मॅच पाहाले येतात. मातीत मांडी घालून बसतीन का? लगन थोडी आहे."

"इकडं तोंड करून नाही बसवायचं," मी म्हणाले. "मैदानाकडं तोंड करून."

 मैदानाच्या दोरीपासून आमच्या दुकानापर्यंत जी रिकामी जागा होती तिच्याकडे त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, "पहिले दोन सामने. त्यात दिसलं तर ठीक, नाही तर नाही."

आम्ही टेबल बाजूला सरकवलं. ताडपत्रीचे लांब पट्टे दोरीला लागून अंथरले, एकामागे एक दोन. माती दाबली, पाणी शिंपडलं. पुष्पाने कूपनं घ्यायची, द्रोण मांडायचे. मी वडे. हमीदाआपाने पहिले घाणे आधीच काढून ठेवले आणि कढीचा गंज घेतला. सारं तयार झालं. पहिला सामना सुरू झाला.

आणि कोणीही बसेना.

लोक आले, ताडपत्री पाहिली, टेबल शोधलं. चांगल्या पँटीचे होते, मोबाइलवाले होते. एकाने विचारलं, "काय, भंडारा आहे काय?" दोघेतिघे हसून गेले. बायका पदर सावरून कडेला उभ्या राहिल्या, कोणी पहिलं बसतं का पाहत. मी हातात वड्यांची परात धरून उभी होते. ती परात मला कधी एवढी जड लागली नव्हती. माझ्या मनात आलं, ही युक्ती तूच काढलीस बेबे, आता तोंड लपवायला पडदाही नाही. पडदा आम्ही सकाळी काढला होता, जागा व्हावी म्हणून.

पहिला सामना संपला. बाळापूरकडच्या मुलींचा संघ हरला होता. त्या मैदानातून बाहेर आल्या, बारा जणी, गुडघ्यांना माती, वेण्या विस्कटलेल्या, एकीच्या कोपराला खरचटलेलं. रडून झालेलं होतं किंवा रडायचं राहिलं होतं. त्यातल्या एकीने ताडपत्री पाहिली, द्रोण पाहिले, आणि काही न विचारता बसली. पाय दुखत असतील तिचे. मग दुसरी. मग साऱ्या बसल्या, एका ओळीत, जशा शाळेत खिचडीला बसतात.

"वाढा ना काकू, लय भूक लागली," पहिली म्हणाली.

मी वाकले. आणि वाकल्यावर मला कळलं की वाढताना चेहरे दिसतच नाहीत. वाढणाऱ्या बाईला फक्त द्रोण आणि हात दिसतात. ही जागा माझीच होती. मी दोन वडे ठेवत पुढे गेले, मागून हमीदाआपा कढी ओतत आली. टोकाला पोचून मी वळले आणि दुसऱ्या फेरीत एकेक वडा वाढला. दोन आधी, एक नंतर. एकदम तीन वाढलेही नाहीत आणि मोडावंही लागलं नाही. बारा द्रोण भरायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात आदल्या दिवशी मी दोघांना दिलं असेल.

मुली खात होत्या आणि दुसरा सामना समोर सुरू झाला होता. त्या खाता खाता ओरडू लागल्या, खेळणाऱ्यांना चुका सांगू लागल्या. तोंडात वडा, हात हवेत. त्यांच्या शेजारी एक म्हातारे बाबा येऊन बसले. मग पदर सावरणाऱ्या बायका. मग चांगल्या पँटीवाला एक, रुमाल अंथरून. दुसरी ओळ भरली. कोणी उठलं की पुष्पा द्रोण उचली आणि नवा मांडी.

त्या मुलींना मी धन्यवाद दिला नाही. तेव्हा मला ते सुचलं नाही आणि सुचलं असतं तरी तोंडातून निघालं नसतं. त्या खाऊन उठल्या, हात धुतले, आणि आपल्या गाडीत बसून गेल्या. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. त्यातल्या पुष्कळींची आता लग्नं झाली असतील, लेकरं असतील. त्यांना वाटत असेल, आपण त्या वर्षी पहिल्याच फेरीत हरलो, काही कामाचं केलं नाही. त्यांना कोण सांगणार. मी हे लिहून ठेवते आहे ते त्यासाठीही आहे, जरी ते त्यांच्या हाती पडायचं नाही.

आणि त्या रांगेचंही मी देणं लागते. टँकरपर्यंत गेलेल्या, दोन दिवस ताटकळलेल्या. लोक बडबडले, हसले, पण रांग सोडून फार थोडे गेले. एवढा वेळ कोणी माझ्यासाठी कधी थांबलं नव्हतं. घरी मीच थांबत आले, सगळ्यांचं होईपर्यंत. म्हणून आता कुठल्या खिडकीसमोर उभी राहिले की मला वाटतं, थांबावं. आत कोणाला तरी काम शिकायला वेळ लागत असेल.

पुढचे दिवस मला सरळ आठवत नाहीत, तुकड्यांत आठवतात. दुपारचं ऊन ताडपत्रीवर, कढीत पडलेली कढीपत्त्याची पानं. अचानक उठणारी टाळी आणि तेव्हा हलणारे द्रोण. वाकून वाकून धरलेली कंबर. एका आजीने वाढताना माझा हात धरून विचारलं, "कोनाची वं तू?" आणि मी माहेरचं गाव सांगितलं. दोन ओळींच्या चार झाल्या. लोक आधी वडे खायला आणि मग सामना पाहायला नाही, दोन्ही एकत्र करायला येऊ लागले.

शांताबाई नवव्या दिवशी परत आली. लेकीला मुलगी झाली होती, दोघी बऱ्या होत्या. तिने चार ओळी पाहिल्या, कमरेवर हात ठेवले. "मी आठ दिवस काय गेली, तुमी दुकानाचं लगन लावून टाकलं. नवरदेव कुठं आहे?"

"ते बेबीताईको पूछो," हमीदाआपा म्हणाली. "सब उसी का किया-धरा है."

शांताबाईने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता टोमणा येईल. ती म्हणाली, "परात दे इकडं. तुले वाकता येईना झालं," आणि परात घेऊन ओळीत शिरली.

शेवटच्या दिवशी दुपारी राऊत सर आले. मी गंज घासत होते. ते माझ्यासमोर थांबले, शांताबाई जवळच होती तरी. "बाई, पुढच्या साली बी जागा तुमचीच. पंगतच ठेवजा. होईन का तुमच्यानं?"

मी शांताबाईकडे पाहिलं. ती मुद्दाम दुसरीकडे पाहत होती. मग मी म्हणाले, "होईन." एकदाच म्हणाले आणि त्यांना ऐकू गेलं.

ते गेल्यावर पुष्पाने माझ्या हातातला गंज काढून घेतला. मुलींचा शेवटचा सामना सुरू होत होता. "काकू, तुमी दहा दिवसांत एक बी मॅच पायली नाही," ती म्हणाली, आणि मला दंडाला धरून पहिल्या ओळीत नेऊन बसवलं. शांताबाईने वडे वाढले, हमीदाआपाने कढी. माझ्या पुढ्यात द्रोण आणि त्यापुढे मैदान. एवढ्या जवळून मी ते पाहिलंच नव्हतं.

एक बारीक मुलगी चढाईला निघाली. मला नियम येत नव्हते. एवढंच दिसलं की ती एकटी आहे आणि पलीकडे सात जणी हात धरून उभ्या आहेत. ती बोलत राहिली, कबड्डी कबड्डी, एका श्वासात, आवाज खाली येईना. एकीला शिवली. वळली, तेवढ्यात पाय पकडला गेला. ती पडली. दोघीतिघी तिच्यावर पडल्या. तिचा एक हात मात्र बाहेर होता, मधल्या रेषेकडे, बोटं मातीत ओढत, टीचभर, मग अर्धी टीच. तोंडाने कबड्डी सुरूच होतं.

बोटं रेषेला लागली की नाही हे मी बसून पाहिलं नाही. माझा द्रोण सांडलेला होता आणि मी उभी होते. मी ओरडत होते. काय, ते मला आठवत नाही. पुष्पा म्हणते, साऱ्या मैदानाने वळून पाहिलं.